सुगंधी तेलांची जंतुनाशक शक्ती : किती खरी, किती पुरेशी?

सर्दी झालेल्या मुलाला ओव्याची पुरचुंडी हुंगवणे, दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरणे, हे आजीबाईच्या बटव्यातील उपाय मराठी घरांना नवे नाहीत. ओवा, लवंग, दालचिनी यांच्या तेलांत जीवाणूंना मारण्याची शक्ती असते, हे प्रयोगशाळेतही वारंवार दिसून आले आहे. मात्र ही शक्ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरी ठरते, हे जाणून घेणे तितकेच महत्त्वाचे आहे.

वनस्पती ही द्रव्ये मुख्यतः बुरशी, कीड व जंतूंपासून स्वसंरक्षणासाठी तयार करतात. वाफेच्या साह्याने ऊर्ध्वपातन करून ती तेलाच्या रूपात वेगळी काढता येतात. ओव्याच्या तेलात थायमॉल, लवंगेच्या तेलात युजेनॉल, तर दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हा प्रमुख घटक असतो. बाजारात मिळणारे ‘ओव्याचे फूल’ म्हणजे थायमॉलचेच स्फटिक. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीस जात असे व तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई.

जीवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. थायमॉल, युजेनॉल यांसारखी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात. त्यामुळे ती या आवरणात सहज शिरतात आणि ते गळके करतात. पेशीतील पोटॅशियम व इतर आवश्यक द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जीवाणू मरतो. त्वचेवर गळवे आणणारा स्टॅफिलोकोकस या माऱ्यापुढे सहसा टिकत नाही. स्यूडोमोनाससारख्या जीवाणूंना मात्र बाहेरून आणखी एक कवच असल्याने ते अधिक चिवट ठरतात.

मग प्रतिजैविकांऐवजी ही तेलेच का घेऊ नयेत? प्रयोगशाळेतील तबकडीत तेल थेट जीवाणूंवर पडते. पोटात घेतलेल्या तेलातील द्रव्यांचे रूपांतर मात्र यकृत झपाट्याने करते आणि ती मूत्रावाटे बाहेर टाकली जातात. फुप्फुसातील वा मूत्रपिंडातील जंतूंना मारण्याइतके प्रमाण तेथवर पोहोचतच नाही. प्रमाण वाढवावे, तर मानवी पेशींचे आवरणही स्निग्धच असते आणि तेल तेथेही घाव घालते. अर्क व काढ्यांची अडचण निराळी आहे. उघड्या भांड्यात काढा उकळला की सुगंधी तेलाचा बराच भाग वाफेबरोबर उडून जातो. हळदीतील कुरक्युमिन आतड्यातून फारच अल्प शोषले जाते.

त्यामुळे या तेलांचे खरे क्षेत्र पृष्ठभागाचे आहे. चूळ भरण्याच्या काही औषधांत थायमॉल असते. दंतवैद्य झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे मिश्रण दात तात्पुरता भरण्यासाठी वापरतात. ही तेले अन्न टिकविण्यासाठी वापरण्यावर आणि प्रतिजैविकांच्या जोडीने देण्यावरही संशोधन सुरू आहे.

‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज तर धोकादायकच आहे. लवंगेचे तेल काही मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. नीलगिरीच्या तेलाने व कापराने मुलांना झटके येऊ शकतात. ही तेले न मिसळता त्वचेवर लावल्यास आग होते, क्वचित त्वचा भाजतेही.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवल्याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या सर्दीवर प्रतिजैविके घेणे ही जशी चूक, तशीच न्यूमोनिया वा विषमज्वरात काढ्यावर विसंबून दिवस दवडणे हीही चूकच. सर्दीत ओव्याची पुरचुंडी हुंगण्यास हरकत नाही. परंतु ताप उतरत नसेल, धाप लागत असेल वा जखम चिघळत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.