बफर राज्याची संकल्पना : अफगाणिस्तानच्या उदाहरणावरून

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात काही संज्ञा अशा आहेत की, नकाशावर दृष्टी टाकताच त्यांचा अर्थ उलगडला असे वाटते. ‘बफर राज्य’ ही त्यांपैकी एक होय. आगगाडीच्या डब्यांना लावलेल्या, धक्का सोसणाऱ्या भागावरून हे नाव आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आशियातील ब्रिटिश-रशियन स्पर्धेच्या चर्चेत ते विशेष रूढ झाले. दोन प्रबळ व परस्परविरोधी सत्तांच्या दरम्यान असलेले, त्या दोहोंहून दुर्बल परंतु स्वतंत्र अस्तित्व राखणारे राज्य, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. ही व्याख्या अपुरी आहे. मधले स्थान भूगोल देतो; बफरपण राजकारणातून येते. ते राज्य स्वतः जिंकण्यापेक्षा ते प्रतिपक्षाच्या हाती न जाणे दोन्ही सत्तांना अधिक मोलाचे वाटते, तोवरच ते बफर राहते.

या संज्ञेचा तिच्या जवळच्या संज्ञांशी घोटाळा होऊ देणे इष्ट नाही. १८१५ मध्ये स्वित्झर्लंडची व १८३९ च्या लंडन येथील तहाने बेल्जियमची तटस्थता युरोपीय सत्तांनी मान्य केली. ही तटस्थता कायद्याने निर्माण झालेली अवस्था होती; बफरपण ही सत्तासंबंधांतून निर्माण झालेली अवस्था असते. संरक्षित राज्य एकाच सत्तेच्या छत्राखाली असते. बफर राज्याला दोन सत्तांचा दाब लागतो. कौटिल्याच्या मंडलकल्पनेतील ‘मध्यम’ राजाशीही त्याचे साम्य जुळत नाही. विजिगीषू व त्याचा शत्रू एकमेकांपासून फुटलेले असता दोघांचाही निग्रह करण्यास मध्यम समर्थ असतो. शत्रू व विजिगीषू यांच्या दरम्यानच्या दुर्बल राजाला अर्थशास्त्रात ‘अन्तर्धि’ म्हटले आहे. आधुनिक बफर राज्याला तीच संज्ञा अधिक जवळची आहे.

अफगाणिस्तानचे उदाहरण पाहता ही अवस्था कशी घडविली जाते हे स्पष्ट होते. १८३९-४२ आणि १८७८-८० या दोन युद्धांत तो देश जिंकता येतो, पण राखता येत नाही, असा अनुभव ब्रिटिशांना आला. १८७९ च्या गंडमकच्या तहाने त्याचे परराष्ट्रव्यवहार ब्रिटिशांकडे गेले. १८८० मध्ये त्यांनी अब्दुर रहमान यास अमीर म्हणून मान्यता दिली आणि १८८३ पासून त्यास वर्षास १२ लक्ष रुपये देण्यास आरंभ केला. १८८५ मध्ये पंजदेह येथे रशियन व अफगाण फौजांची चकमक होऊन दोन साम्राज्ये युद्धाच्या उंबरठ्यावर आली. तथापि संयुक्त सीमा-आयोगाने उत्तर सीमा आखून तो प्रसंग टाळला. १८९३ मध्ये मॉर्टिमर ड्युरँड याने अमीराशी करार करून पूर्व व दक्षिण बाजूंची रेषा ठरविली व वार्षिक रक्कम १८ लक्ष झाली. १८९५ च्या पामीर करारात वाखानची अरुंद पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात टाकण्यात आली. सुमारे ३५० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १५ किलोमीटरही रुंद नसलेल्या या पट्टीचे प्रयोजन एकच होते : ब्रिटिश व रशियन साम्राज्यांच्या सीमा कोठेही एकमेकींस भिडू नयेत. ज्या भूगोलामुळे अफगाणिस्तान बफर ठरला असे मानले जाते, त्याचा काही भाग अशा रीतीने करारांनीच रेखलेला आहे.

३१ ऑगस्ट १९०७ च्या ब्रिटिश-रशियन समझोत्याने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. अफगाणिस्तान आपल्या प्रभावक्षेत्राबाहेर असल्याचे रशियाने मान्य केले. मात्र अफगाणिस्तानविषयीच्या कलमांना अमीराची संमती आवश्यक ठरविली असता हबीबुल्लाने ती दिली नाही, आणि तरीही दोन्ही सत्तांनी समझोता अमलात असल्याचेच मानले. महासत्तांच्या नकाशात मधल्या राज्याला स्थान असते, मत नसते, हे यावरून दिसून येते. १९१९ च्या तिसऱ्या युद्धानंतर रावळपिंडीच्या तहाने परराष्ट्रव्यवहार पुन्हा काबूलच्या हाती आले.

१९४७ मध्ये ब्रिटिश सत्ता भारतीय उपखंडातून गेली. वाखान, हिंदुकुश, अमू दर्या जागच्या जागी राहिली. परंतु दक्षिणेकडचा दाब नाहीसा झाला. ड्युरँड रेषा काबूलला मान्य नव्हती. म्हणून त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध एकट्या अफगाणिस्तानने मत दिले, जरी ते पुढे मागे घेण्यात आले. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी साहाय्य देण्याचा करार केला, आणि १९५५ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघाने काबूलला १० कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. आर्थिक व लष्करी अवलंबन अशा प्रकारे एका बाजूस झुकत गेले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या व फेब्रुवारी १९८९ पर्यंत तेथे राहिल्या. या आक्रमणाची कारणे काबूलच्या अंतर्गत संघर्षातही शोधावी लागतात. तथापि त्यास रोखील असा दुसऱ्या बाजूचा जुना समतोल तेव्हा उरलेला नव्हता, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातील नाही. तिबेटला भारत व चीन यांमधील बफर समजण्याची दृष्टी ब्रिटिश राजवटीपासूनची होती. परंतु तिच्यामागे भारतातील ब्रिटिश सत्तेचा दाब आणि पेकिंगचे दौर्बल्य ही दोन गृहीते होती. १९५० पर्यंत दोन्ही ढळली होती. तिबेट हातचे गेल्याने उत्तर सीमेचे स्वरूपच पालटले आहे, हे वल्लभभाई पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात नेहरूंच्या निदर्शनास आणले होते. १९६२ मध्ये त्याची प्रचीती आली. याउलट सयामने ब्रिटन व फ्रान्स यांच्या १८९६ च्या समझोत्याचा आश्रय तर घेतलाच, शिवाय अंतर्गत राज्यव्यवस्था सुधारून व काही प्रदेश सोडून देऊन आपले स्वातंत्र्य टिकविले.

यास्तव एखाद्या राज्याला बफर हे नाव देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घेणे आवश्यक आहे : दोन्ही बाजूंचा दाब खरोखर समतोल आहे काय, त्या सत्तांमध्ये स्पष्ट वा अस्पष्ट असा समझोता आहे काय, आणि त्या राज्याच्या शासनात स्वतःचा प्रदेश सांभाळण्याचे सामर्थ्य आहे काय. यांपैकी एकही गोष्ट ढळली की, नकाशा तोच राहतो, पण त्यावर विसंबून आखलेले धोरण निराधार होते; आणि त्याचे मोल प्रथम मधल्या देशातील जनतेला द्यावे लागते.