साथी : आजारातून सावरलेल्या माणसाचे काम

मनोरुग्णांच्या सेवेसाठी माणसे नेमावयाची आहेत, आणि अर्जदाराने स्वतः मानसिक आजार भोगलेला असला पाहिजे, अशी जाहिरात उद्या वर्तमानपत्रात आली, तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. क्षयाच्या रुग्णालयात परिचारिका नेमताना ‘तुला क्षय होऊन गेला आहे काय’ असे कोणी विचारीत नाही. परंतु इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया ह्या देशांत गेल्या काही दशकांत अशी पदे खरोखरीच निर्माण झाली आहेत, आणि आपल्याकडेही त्या दिशेने पावले पडली आहेत. इंग्रजीत ह्या माणसाला ‘पीअर सपोर्ट वर्कर’ म्हणतात. मी त्याला ‘साथी’ म्हणणार आहे. आम्हां चळवळीतल्या माणसांच्या तोंडी हा शब्द जुनाच आहे, आणि ज्याच्या हातावर आपल्याच हातासारखे घट्टे आहेत तो साथी, हा त्याचा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो.

दुसऱ्या एका शब्दाचा खुलासा आधीच केलेला बरा. बरे होणे आणि सावरणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप उतरला की माणूस बरा झाला, असे आपण म्हणतो. मानसिक आजारांपैकी काही पूर्ण जातात, तर काही दम्यासारखे किंवा मधुमेहासारखे जन्मभर सोबत राहतात. पण आजार राहिला तरी माणूस पुन्हा कामाला जाऊ लागतो, घरात चार शब्द बोलू लागतो, सणाला नवे कपडे घालावेसे त्याला वाटू लागते. आयुष्याची विसकटलेली घडी अशी पुन्हा बसणे, ह्याला मी सावरणे म्हणतो. डॉक्टरांचे काम मुख्यतः पहिल्या गोष्टीशी, साथीचे काम दुसऱ्या गोष्टीशी.

ही कल्पना काही आजची नव्हे. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात झां-बाप्तिस्त प्युसँ नावाचा एक माणूस गंडमाळेचा रोगी म्हणून आला, बरा झाला, आणि तेथेच नोकरीला लागला. 1780 नंतरच्या दशकात वेड लागलेल्या लोकांचा विभाग त्याच्या हाती आला. मारझोड करणाऱ्या नोकरांना त्याने आळा घातला आणि बरे झालेल्या रुग्णांतून परिचारक निवडले, कारण तीच माणसे मायेने वागतात असा त्याचा अनुभव होता. 1793 मध्ये तेथे फिलिप पिनेल हे डॉक्टर आले, आणि प्युसँची पद्धत पाहून पुष्कळ शिकले. 1797 मध्ये बिसेत्रमधील साखळ्या काढल्या त्या प्युसँने. पण प्रसिद्ध झालेल्या चित्रात दिसतात ते पिनेल! पिनेल यांनी स्वतः आपल्या लेखनात प्युसँचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे, हे त्यांच्या मोठेपणाचे. परंतु काम एकाचे आणि तसबीर दुसऱ्याची, हा प्रकार कामगारांना नवा नाही.

पुढे 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. आपल्या पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे कार्यकर्ते म्हणून काम करू लागली, हे अनेकांना ठाऊक असेल. मानसिक आजाराच्या सरकारी सेवेत मात्र साथीला पगारी जागा मिळावयास वेळ लागला. 1999 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने गरिबांच्या आरोग्य योजनेतून ह्या कामाचे पैसे मिळविण्याची सोय केली. 2007 मध्ये तेथील केंद्र सरकारने सर्व राज्यांना पत्र लिहून तीन गोष्टी आवश्यक ठरविल्या : साथीवर जाणत्याची देखरेख असावी, त्याचे काम रुग्णाच्या उपचारयोजनेशी जोडलेले असावे, आणि त्याला प्रशिक्षण व प्रमाणपत्र असावे. 2018 पासून चाललेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जर्मनी, युगांडा, टांझानिया, इस्रायल यांच्या बरोबरीने आपला देशही होता, आणि त्यातील भारताची बाजू पुण्याच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयातील केंद्राने सांभाळली.

आता साथी करतो काय? इस्पितळातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत कठीण. घरचे जपून बोलतात, शेजारचे दार लोटून घेतात. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, हात थरथरतात, सकाळी उठवत नाही. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर जेमतेम काही मिनिटे मिळतात, आणि विचारावयाचे ते नेमके तेव्हाच आठवत नाही. साथी आदल्या दिवशी बसून प्रश्नांची चिठ्ठी लिहवून घेतो. ‘गोळी सोड’ असे तो कधीही म्हणत नाही आणि ‘मुकाट्याने घे’ असेही म्हणत नाही. ‘माझाही हात थरथरत होता, मी डॉक्टरांना सांगितले, त्यांनी मात्रा बदलली’ एवढेच सांगतो. बँकेत सोबत जातो, अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत उभा राहतो, पहिल्यांदा एकट्याने बसप्रवास करावयाचा तर बाजूला बसतो. कामावर परत गेल्यावर ‘इतके दिवस कुठे होतास?’ ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावयाचे, ह्याची दोघे मिळून तयारी करतात.

त्यांचे बोलणे साधारण असे चालते :

“दादा, तुम्हालाही आवाज ऐकू यायचे?”

“यायचे. अजून कधी कधी येतात.”

“मग?”

“मग काय, आता त्यांचं सगळंच ऐकत नाही. तू जेवलास का?”

ह्यात उपचार कोठे आहे, असे कोणी विचारील. तो त्या ‘अजून कधी कधी’ मध्ये आहे. आवाज येत असूनही हा माणूस दाढी करून, डबा घेऊन कामावर आला आहे, हे समोरच्याला डोळ्यांनी दिसते. अत्यंत विद्वान डॉक्टरालाही हा पुरावा देता येत नाही.

परंतु आजार भोगला म्हणजे हे काम आपोआप येते, असे मुळीच नाही. स्वतःची कहाणी किती सांगावी आणि कोठे थांबावे, हे शिकावे लागते. समोरच्याला उपयोग होईल तेवढीच सांगावयाची. आपले मन मोकळे करण्यासाठी आपल्याला दुसरी जागा शोधावयाची. पैसे उसने द्यावयाचे नाहीत, घ्यावयाचे नाहीत. आणि एक गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट करावयाची : तुझे बोलणे मी कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर ते माझ्यापाशी राहणार नाही. हे आधी न सांगता ऐन वेळी डॉक्टरांकडे धावणारा साथी विश्वास कायमचा गमावतो.

ह्याचा उपयोग होतो का? आकडे संमिश्र आहेत, आणि ते तसेच सांगितले पाहिजेत. 2018 मध्ये इंग्लंडमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत साथीची मदत मिळालेल्यांपैकी 29 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारात दाखल करावे लागले. ज्यांना केवळ पुस्तिका दिली होती त्यांच्यात हे प्रमाण 38 टक्के होते. उलट 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील दुसऱ्या मोठ्या चाचणीत हे प्रमाण 47 आणि 50 टक्के निघाले, म्हणजे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा साथी नेमला की खाटा रिकाम्या होतील, असे आश्वासन शासनाला कोणी देऊ नये. पुन्हा दाखल होणे टळले की नाही, ही इस्पितळाची मोजपट्टी झाली. घराबाहेर पडू लागलो, कोणाशी तरी खरे बोलता आले, ही मोजपट्टी रुग्णाची. आणि ती मला कमी महत्त्वाची वाटत नाही. निमहान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविना राहतात असे आढळले. जेथे डॉक्टरच पोचत नाही, तेथे माणसाने माणसाला हात धरून दवाखान्यापर्यंत आणणे ही सुद्धा सेवाच.

येथे माझी धास्ती सुरू होते, आणि ती मी लपवीत नाही. डॉक्टर मिळत नाहीत, साथी स्वस्तात मिळतो, हा हिशेब मांडावयास कोणाला वेळ लागणार नाही. अंगणवाडी सेविकांना आपण काय दिले? वेतन नव्हे, ‘मानधन’. 2005 पासून गावोगाव राबणाऱ्या आशांना ‘स्वयंसेविका’ म्हटले आणि कामागणिक मोबदला दिला. अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो 2022 मध्ये. ज्या कामात माया लागते ते काम फुकट झाले पाहिजे, अशी आपल्या समाजाची एक सोयीस्कर समजूत आहे. साथीच्या बाबतीत तर ‘बिचाऱ्याला नोकरी मिळाली हेच पुष्कळ’ असे म्हणावयासही लोक मागेपुढे पाहणार नाहीत.

दुसरी धास्ती जॉबरची. गिरणीतला जॉबर कामगारांतूनच वर आलेला असे, त्याला प्रत्येकाचे घर ठाऊक असे, आणि म्हणूनच मालकाला तो उपयोगी पडे. साथीला कर्मचाऱ्यांच्या खोलीत खुर्ची मिळाली, आणि ‘तो गोळ्या घेत नाही, तुझे ऐकतो, जरा समजाव’ हे काम रोजचे झाले, की तोही जॉबर होतो. नाही तर उलट टोक : केसपेपर इकडून तिकडे नेणे, चहा सांगणे, पाहुणे आले की ‘हे आमचे बरे झालेले पेशंट’ म्हणून उभे राहणे. म्हणून एका इस्पितळात एकच साथी कधी नेमू नये. निदान दोघे असावेत, त्यांची कामे लेखी असावीत, आणि त्यांना आठवड्यातून एकदा तरी अनुभवी माणसापुढे अडचणी मांडता याव्यात.

साथी पुन्हा आजारी पडला तर? तर तो रजा घेईल. मोतीबिंदू झालेला नेत्रवैद्यही रजा घेतोच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरविता येत नाही, असे त्याचे विसावे कलम सांगते. हे कलम पुष्कळ कामगारांना माहीतच नसते. साथी नसलेल्यांनीही ते लक्षात ठेवावे.

एक बारीकशी अडचण राहिली. नोकरीला लागताना जो वैद्यकीय तपासणीचा अर्ज भरून घेतात, त्यात ‘पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता काय’ असा रकाना पुष्कळ ठिकाणी असतो, आणि तेथे ‘होय’ लिहिले की कागद बाजूला पडतो. ह्या पदासाठी तर ‘होय’ हीच पात्रता आहे. तेव्हा जाहिरात काढण्याआधी तो अर्ज बदलून घ्यावा लागेल, आणि ते काम आस्थापना शाखेतल्या कारकुनाच्या हातचे नाही. त्याला शासन-निर्णय लागेल.