नुसत्या फळांवर धावता येतं का?

आंबा कापला की फोडी मुलांच्या, मोठी फाक ह्यांची आणि कोय माझी, ही वाटणी आमच्या घरी कुणी ठरवलेली नाही. ती आपोआपच झालेली आहे. तुमच्याकडेही बहुधा अशीच असेल. संत्री सोलायची आपण, डाळिंबाचे दाणे काढून मुलांच्या डब्यात भरायचे आपण, आणि आपल्या वाट्याला यायचं ते उपासाच्या दिवशीचं एक केळं! म्हणूनच दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर "आता मी रोज भरपूर फळं खाणार" असं मी जाहीर केलं, तेव्हा घरातले सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

निमित्त होतं धावण्याचं. दुपारच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे सकाळचा तासभर कसाबसा हाताशी लागतो. पनवेलच्या वडाळे तलावाभोवती आम्ही पाचजणी आधी नुसत्या चालायचो. चालता चालता थोडं पळू लागलो, आणि पळता पळता फेब्रुवारीतल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नावं घालून मोकळ्या झालो. पस्तिशी ओलांडल्यावर पायात बूट घालून रस्त्याने पळायचं म्हणजे पहिले काही दिवस ओळखीचं कुणी दिसलं की मी चपापून चालायलाच लागत असे. पुढे तेही सुटलं.

आमच्यातल्या सगळ्यात धाकटीने एकदा मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी धावपटू टोपलीभर फळं खाऊन मैलोन्‌मैल पळत होता. ना भात, ना पोळी, ना दूध. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही तर शाकाहारीच आहात, तुम्हाला काय कठीण?" खरंच होतं. सासूबाई माळकरी, त्यामुळे आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. दूध मला पहिल्यापासून पचत नाही, तेही सोडलं. सकाळी पपई, दुपारी केळी आणि चिकू, संध्याकाळी संत्री, रात्री पुन्हा काही फळं. भाकरी-भात बंद आणि आमटी-उसळही बंद. वजन उतरेल हा लोभ मनात होताच, तो कशाला लपवू?

पहिले दोन-तीन आठवडे मोठे मजेत गेले. थंडीचे दिवस, बाजार नुसता भरलेला. नागपूरची संत्री, घोलवडचे चिकू, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या. शिवाय आदिवासी बायका पाटीत घेऊन बसतात ती बोरं आणि आवळे, वाट्याने मिळणारे. पोट साफ राहू लागलं. चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात थांबला. काटाही दोन किलोंनी खाली आला. ह्यांनी फळांचा महिन्याचा हिशेब पाहून "आपण एखादी बागच विकत घेऊ या का?" असा टोमणा मारला, तोही मी हसण्यावारी नेला.

मग हळूहळू सूर बिघडला. वर्गात फळ्यावर लिहिताना जांभया येऊ लागल्या. हातपाय गार पडत. संध्याकाळी मुलांवर उगाच खेकसत असे. तलावाची तिसरी फेरी पूर्वी सहज व्हायची, ती आता संपता संपेना. मला वाटलं, सराव जास्त होतोय. सगळ्यांच्या ताटात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढून मी बाजूला पपईची बशी घेऊन बसले, की सासूबाई म्हणत, "सूनबाई, देवाला फळ ठेवतात गं, पण नैवेद्य पूर्ण ताटाचा असतो." मी ऐकलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो. पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटर. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाताना अंगठ्यासारखा सुळका दिसतो ना, तोच किल्ला. दहा वर्षांची लेक बरोबर होती. सकाळी दोन केळी आणि एक संत्रं खाऊन निघालेली मी. अर्ध्याहून अधिक चढ चढलो आणि डोळ्यांपुढे काळोखी आली. छाती धडधडू लागली. एका दगडाला धरून बसले, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा लेक माझ्या तोंडावर पाणी मारत रडत होती. वाट तिथे अरुंद आहे. दोन पावलं इकडेतिकडे झाली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

रक्ताचा हिशेब

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक. बाईमाणसाचं निदान बारा तरी असावं लागतं. मी लगेच फळांना दोष देऊन मोकळी होणार, तर डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांत एवढं रक्त कमी होत नाही. तुमचं आधीपासूनच कमी असणार. दरमहा जातं ते भरून निघत नव्हतं. डाळी-उसळी सोडल्यात, वर पळण्याचा भार टाकलात, म्हणून ते उघडं पडलं."

मी एकटीच अशी असते तर ही गोष्ट छापायला दिलीही नसती. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे तलावाभोवती पळणाऱ्या आम्हा पाचजणींत निदान दोघी-तिघी असणारच. तपासल्यावर तिघी निघाल्या!

फळं काय देतात, काय देत नाहीत

मग मी शाळेतल्यासारखी वही घेऊन बसले. वाचलं, विचारलं आणि घरगुती गणित मांडलं. तेच तुमच्यापुढे ठेवते.

धावायला लागते ती ताकद फळं उत्तम देतात. मध्यम आकाराच्या केळ्यातून शंभरेक कॅलरी मिळतात, त्याही लवकर अंगी लागणाऱ्या साखरेच्या रूपात. माझ्या ५६ किलो वजनाला दहा किलोमीटर पळायला साधारण साडेपाचशे कॅलरी लागतात. शिवाय फळांतून पाणी मिळतं, चोथा मिळतो आणि घामावाटे जाणारे क्षारही थोडेफार भरून निघतात. आपल्या दमट हवेत याचं मोल मोठं.

पण स्नायूंची झीज भरून काढायला प्रथिनं लागतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांचं माप आहे, दर किलो वजनाला रोज सुमारे ०.८३ ग्रॅम. म्हणजे मला ४६ ग्रॅम. पळणारीला त्याहून थोडी जास्तच. एका केळ्यात प्रथिन असतं जेमतेम सव्वा ग्रॅम. नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर रोज तीन डझन केळी खावी लागतील! तेच मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम मिळतात, आणि तेवढेच वाटीभर घट्ट वरणात. भाताबरोबर डाळ किंवा भाकरीबरोबर उसळ खाल्ली की एकातलं उणं दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांनी ही जोडी उगाच नाही लावलेली.

लोहाचंही तसंच. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस होतं म्हणून त्यात लोह भरपूर, असा माझाही समज होता. ते चूक. तो रंग हवा लागून फळातल्या द्रव्यांत होणाऱ्या बदलाचा. बहुतेक ताज्या फळांत लोह अगदी कमी. ते मिळतं डाळी, वाल-मटकी, पालेभाज्या, तीळ आणि अळीव यांतून.

मात्र इथेच फळांचा खरा उपयोग आहे. धान्य-डाळीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व मदत करतं, आणि ते फळांत मुबलक. पेरूमध्ये तर संत्र्याच्या तीन-चार पट. जेवणात उसळीवर लिंबू पिळलं, पानात आवळ्याची किंवा पेरूची फोड घेतली, की त्याच जेवणातलं लोह अधिक मिळतं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की नेमकं उलट होतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

राहिलं बी-१२ जीवनसत्त्व. ते ना फळांत असतं, ना भाजीत, ना डाळीत. दूधदुभतं घेणाऱ्याला थोडं मिळतं; तेही सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी घेतलीच पाहिजे. त्याचा साठा शरीरात बराच काळ पुरतो, म्हणून कमी पडलेलं वर्षानुवर्षं कळत नाही. मी दूध पुन्हा सुरू केलं नाही, पण गोळी चुकवत नाही. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी.

पळणारे खातात तरी काय?

दूध-तूपही न घेता मोठे पराक्रम करणारी माणसं आहेत, हे खोटं नाही. अमेरिकेचा स्कॉट जुरेक कॅलिफोर्नियातली शंभर मैलांची डोंगरातली शर्यत १९९९ पासून २००५ पर्यंत ओळीने सात वर्षं जिंकला. तो संपूर्ण वनस्पतीजन्य आहार घेतो. पण २०१२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकातल्या पाककृती पाहा. मसूर आहेत, भाताचे गोळे आहेत. आपल्या मुंबईचे कुंतल जोईशर २०१६ साली एव्हरेस्टवर चढले, तेही दूधदुभतंसुद्धा वर्ज्य करून. आहार वनस्पतींचा असणं वेगळं आणि नुसत्या फळांचा असणं वेगळं, हा फरकच आम्ही त्या व्हिडिओच्या नादात विसरलो होतो.

आणि इतक्या लांब जायला नकोच होतं. सासूबाईंनी तरुणपणी चार वाऱ्या केल्या आहेत. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, अडीच-तीन आठवडे रोजचं चालणं, डोक्यावर तुळस. त्या म्हणाल्या, "अगं, वाटेत लोक हातावर केळं ठेवायचे, राजगिऱ्याचा लाडू ठेवायचे. ते खात पुढचा टप्पा गाठायचा. पण मुक्कामाला पोचलं की भाकरी-पिठलंच. नुसत्या केळ्यांवर पंढरपूर आलं नसतं." दोन महिने मी वहीत जे शोधत होते, ते उत्तर घरातच माजघरात बसलेलं होतं!

माझी हल्लीची आखणी

सकाळी पळायच्या अर्धा तास आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर. फणस, कलिंगड असं पोट जड करणारं काही नाही. एकदा फणसाचे गरे खाऊन पळायला गेले, त्याचं वर्णन करत नाही.

आल्यावर पाणी आणि खाली दिलेली कोशिंबीर. उन्हाळ्यात चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा शहाळं.

दोन्ही वेळा पूर्ण ताट: भाकरी किंवा भात, उसळ किंवा वरण, पालेभाजी, आणि पानातच एक आंबट फळ. भाजी-आमटी जमेल तेव्हा लोखंडी कढईत.

चार वाजता हंगामातलं एक फळ, मूठभर शेंगदाण्यांबरोबर. फळ चावून खावं. रस काढला की चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. थंडीत गूळ-खोबऱ्याचा अळिवाचा लाडू.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र फळांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पळून आल्यावरची कोशिंबीर

साहित्य: मोड आलेले मूग १ वाटी, पेरू १, डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट २ चमचे, लिंबू अर्धं, मीठ, मिरची, कोथिंबीर.

कृती: मूग पाच मिनिटं वाफवून घ्यावेत. निवले की त्यात पेरूच्या बारीक फोडी, डाळिंब आणि इतर साहित्य घालून वरून लिंबू पिळावं. लगेच खावी, ठेवली की पाणी सुटतं. दोघींना पुरते.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या मी नेमाने घेतल्या. त्या फेब्रुवारीतली शर्यत अर्थातच हुकली. कडेला उभी राहून मैत्रिणींना टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन थोडी रडले. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन बारा पूर्णांक दोन झालं. पुढच्या फेब्रुवारीत पळाले, एक तास अठरा मिनिटं. बक्षीस वगैरे काही नाही. शेवटच्या वळणावर लेक हातात सोललेलं केळं घेऊन उभी होती.

गेल्या वैशाखात आंब्याची पहिली पेटी फोडली तेव्हा तिनेच आंबा कापला. एक मोठी फाक माझ्या बशीत ठेवली आणि म्हणाली, "आई, कोय आज बाबांना." हे हसले आणि मुकाट्याने कोय चोखू लागले. मी फाक खाल्ली. पण वरण-भात जेवून झाल्यावर, पानातच.