पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?



आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवारच्या छंदवर्गात छायाचित्रण सुरू करावे आणि तेही रोलच्या कॅमेऱ्यावर, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यावर दोन प्रश्न आले. विश्वस्तांचा प्रश्न असा, की घरोघरी मोबाइल असताना हा जुना खटाटोप कशासाठी? पालकांचा प्रश्न वेगळा होता. मुलगा किंवा मुलगी मागे लागली आहे, तर कोणता कॅमेरा आणून द्यावा? दुसरा प्रश्न अधिक निकडीचा, कारण त्यात पगाराचा पैसा आहे. आपल्यापैकी बहुतेक घरे साखर कारखाना, कापड मिल, लूम किंवा छोट्या नोकरीवर चालतात. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या वर्गासाठी कोणत्याही पालकाने कॅमेरा विकत घेण्याची गरज नाही. कॅमेरे शाळेचे असतील. तरीही कोणाला घ्यायचाच असेल, तर फसवणूक होऊ नये म्हणून ही माहिती देत आहोत.

प्रथम विश्वस्तांच्या प्रश्नाकडे वळू. फोटो काढताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. प्रकाश आत येण्याचे छिद्र किती मोठे ठेवायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे आणि भिंग किती अंतरावर जुळवायचे. मोबाइल ही तिन्ही कामे क्षणात स्वतः करतो. फोटो छान येतो, पण तो का छान आला हे काढणाऱ्याला कळत नाही. हाताने चालवायच्या कॅमेऱ्यात ही कामे मुलालाच करावी लागतात. छिद्र आणि वेळ यांचे नाते नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखे आहे. नळ पूर्ण सोडला तर बादली लवकर भरते, बारीक धार ठेवली तर वेळ लागतो. भरणारी बादली तीच. मात्र छिद्र लहान ठेवले तर जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते, आणि शटर जलद ठेवले तर चालता माणूस पुसट होत नाही. यातले काय हवे ते आपण ठरवायचे.

यासाठी प्रकाश मोजण्याचे यंत्र लागतेच असे नाही. छायाचित्रकारांचा एक जुना हिशेब आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ वर ठेवावे आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याएवढा घ्यावा. म्हणजे रोलवर १०० लिहिले असेल तर १/१२५ सेकंद, २०० असेल तर १/२५०, ४०० असेल तर १/५००. झाडाच्या सावलीत गेलो की छिद्र तीन घरे मोठे करून एफ/५.६ वर आणावे. (आकडा लहान झाला की छिद्र मोठे होते. मुलांचा इथे पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो, पालकांनी रागावू नये.) आपल्या परिसरात गळीत हंगामात भर दुपारी उसाच्या फडात फोटो काढायचा झाला, तर हा हिशेब उघड्या शेतासाठी बरोबर ठरतो. पण कोयता घेऊन उभ्या असलेल्या मजुराच्या डोक्याला फडके बांधलेले असते आणि त्याचा चेहरा सावलीत असतो. चेहऱ्याचा हिशेब धरला तर आकाश पांढरे होते, आकाशाचा धरला तर चेहरा काळा पडतो. यातून वाट काढण्यासाठी थांबून बघावे लागते, त्या माणसाशी दोन शब्द बोलून त्याला तोंड थोडे वळवायला सांगावे लागते. एका रोलमध्ये ३६ फोटो असतात, त्यामुळे थांबावेच लागते.

हा मार्ग आपल्याला परका नाही. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके वडोदऱ्याच्या कला भवनात शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला आणि नंतर १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. गुजरातेत शिकून पुढे गेलेला हा मराठी माणूस आपल्या मुलांना माहीत असलाच पाहिजे. आणि मुलींनी होमाई व्यारावाला यांचे नाव लक्षात ठेवावे. त्यांचा जन्म १९१३ साली आपल्या शेजारच्या नवसारीत झाला. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. स्वातंत्र्याच्या काळातील दिल्लीचे कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. उत्तरायुष्यात त्या वडोदऱ्याला राहिल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाती असे तो रोलीफ्लेक्स कॅमेरा एका रोलवर १२ फोटो देतो. बारामध्ये काम भागवायचे म्हणजे कळ दाबण्यापूर्वी डोळ्यांनी फोटो काढलेला असावा लागतो.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. जुना कॅमेरा घेताना ब्रँडच्या आधी एकच प्रश्न विचारावा: सेल काढल्यावर शटर चालते का? काही कॅमेऱ्यांत शटर स्प्रिंग आणि दात्यांवर चालते, सेल केवळ प्रकाश मोजणाऱ्या सुईसाठी असतो. अशा कॅमेऱ्याची सुई बंद पडली तरी वर सांगितलेल्या हिशेबावर काम चालते, आणि कारागीर तो खोलून दुरुस्तही करू शकतो. दुसऱ्या प्रकारात शटर विजेच्या सर्किटवर चालते. सर्किट गेले की बहुधा कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचा उरतो.

पहिल्या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध नाव पेंटॅक्स के-१०००. हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता आणि जगभर शिकणाऱ्यांचा कॅमेरा म्हणून ओळखला गेला. त्यात फालतू काहीच नाही: एक सुई, एक वेगाची चकती, एक छिद्राचे कडे. फक्त त्याची सुई बंद करायचे बटण नाही. काम झाल्यावर भिंगावर झाकण लावले नाही तर सेल उतरत राहतो. प्रसिद्धीमुळे त्याचा भाव मात्र चढला आहे, आणि नावासाठी जादा पैसे देऊ नयेत असे आमचे मत आहे. त्याच तोलाचा यशिका एफएक्स-३ अनेकदा कमी किमतीत मिळतो. त्याचे वरचे काळे आवरण सोलवटलेले दिसेल, त्याने काही बिघडत नाही, उलट भाव पाडून मागता येतो. निकॉन एफएम-१० हा १९९५ मध्ये आलेला, निकॉनसाठी कोसिना कंपनीने बनवलेला हलका कॅमेरा. भारतात छायाचित्रण शिकणाऱ्या अनेकांनी तो वापरला आहे, म्हणून आपल्याकडे सापडू शकतो. अंग प्लास्टिकचे आहे, मुलांच्या हातून पडू देऊ नये.

रशियन झेनिट-ई सर्वांत किफायतशीर. वजनाने दगड, आवाजाने दरवाजा आपटल्यासारखा. त्याचे प्रकाशमापक सेलशिवाय चालते, पण इतक्या वर्षांनी ते बरोबर आकडा दाखवेल याची खात्री नसते. वेगही १/३० ते १/५०० एवढेच, म्हणजे संध्याकाळी घरात फोटो काढायला अडचण. तरीही दिवसाउजेडी शिकण्यासाठी तो पुरेसा आहे, आणि त्याचे ५८ मिलिमीटरचे हेलिओस भिंग फार सुंदर फोटो देते.

कॅनन एई-१ आणि मिनोल्टा एक्स-७०० ही नावे मुले इंटरनेटवर वाचून येतात. कॅमेरे उत्तम आहेत यात शंका नाही, पण दोन्ही सेलशिवाय मुके आहेत, म्हणून पहिला कॅमेरा म्हणून आम्ही ते सुचवत नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ पुष्कळ घरांत आहे. त्यात शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो, त्यामुळे आपला उद्देश साध्य होत नाही. आग्फा क्लिक थ्री तर आपल्या वडोदऱ्यात तयार होत असे आणि एका पिढीच्या घरचे फोटो त्याच्यावर निघाले, पण त्यात बदलण्यासारखे फारसे काही नाही. आठवण म्हणून जपावा. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा रोलचा कॅमेरा आणला, त्यात ३६ च्या रोलवर ७२ अर्धे फोटो निघतात. कल्पना चांगली, पण किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आणि उजेडाचा हिशेब पुन्हा यंत्राकडेच.

अहमदाबादच्या गुजरी बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडे कॅमेरा पाहायला गेलात तर घाई करू नका. मागचे झाकण उघडा, भिंग काढा आणि प्रत्येक वेगावर शटर चालवून आरपार पाहा. एक सेकंदाच्या वेगावर मनात ‘एक हजार एक’ म्हणा. शटर मध्येच अडकले किंवा फार रेंगाळले तर आतील तेल सुकले आहे. शटरचा पडदा उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढे भोकही प्रत्येक फोटोवर ठिपका उमटवते. सेलच्या खणात हिरवट-पांढरे क्षार असतील तर सुईवर विश्वास ठेवू नका. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर घाबरू नका, तो स्वस्तात बदलता येतो. मात्र तो बदलल्याशिवाय रोल घालू नका, कारण तेथून उजेड शिरतो.

भिंग पाहणे सर्वांत महत्त्वाचे. मोबाइलची टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडची हवा दमट, आणि कॅमेरे वर्षानुवर्षे कातडी पिशवीत, कपाटात पडलेले, त्यामुळे हा रोग फार. जुनी बुरशी काच कोरून टाकते, मग पुसूनही डाग जात नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरत शहर बुडाले होते. त्या किंवा कोणत्याही पुराचे पाणी लागलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, कारण दात्यांत गेलेला गाळ निघत नाही. चांगला कॅमेरा मिळाला की तो पिशवीतून काढून हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात.

खरा खर्च मात्र कॅमेऱ्याचा नाहीच, रोलचा आहे. कॅमेरा एकदा घ्यायचा, रोल दर वेळी. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून समजा १५०० रुपये लागले, तर ३६ फोटोंमध्ये एका फोटोला जवळजवळ ४२ रुपये पडतात. महिन्याला दोन रोल म्हटले तर वर्षाचे ३६ हजार. हा आकडा ऐकूनच आम्ही ठरवले, की रंगीत रोल वापरायचे नाहीत. कृष्णधवल रोल शाळेतच धुता येतो. त्यासाठी उजेड न शिरणारी टाकी, दोन रसायने आणि थर्मामीटर पुरतो, पूर्ण अंधार फक्त रोल टाकीत भरताना लागतो. रसायनाचे तापमान साधारण २० अंश ठेवावे लागते. चलथाणला मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम येते, म्हणून धुलाईचे काम हिवाळ्यात ठेवू, नाहीतर बर्फाचा आधार घ्यावा लागेल. रसायनशास्त्राच्या तासाला याचा उपयोग होईल, हेही विश्वस्तांनी ध्यानात घ्यावे. आपल्या देशात ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाचा कृष्णधवल रोल बनत असे. तो कारखाना बंद पडल्यापासून बाहेरच्या रोलवरच अवलंबून राहावे लागते, आणि किंमत त्यामुळेही चढते.

म्हणून आमचा प्रस्ताव छोटा आहे. भिंगासह प्रत्येकी दहा हजारांच्या आतले दोन जुने कॅमेरे, दोन्हींचे भिंग एकमेकांना बसेल असे. चार-चार विद्यार्थ्यांचा गट, प्रत्येकाला एका रोलमधले नऊ फोटो. पहिले दोन शनिवार रोलच घालायचा नाही, नुसते आकडे लावून वहीत लिहायचे. फी आकारली तर ज्याच्या घरी पैसे आहेत तोच येईल, म्हणून फी नको असा आमचा आग्रह आहे. मंडळाला दोन कॅमेरे जड वाटत असतील तर एकाने सुरुवात करू, पण विनामूल्य करू.

आणि बाजारात जाण्याआधी आपापल्या घरातील कपाटे आणि लोखंडी पेट्या पाहाव्यात. काका-मामांचा, आजोबांचा जुना कॅमेरा कोणाकडे असेल तर घरच्यांच्या परवानगीने शनिवारी शाळेत आणावा. तो चालण्यासारखा आहे का हे आम्ही पाहून सांगू आणि त्याच दिवशी परत देऊ. मागचे झाकण मात्र घरी उघडू नये. आधी वरची रोल गुंडाळायची छोटी कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावी. ती मोकळी फिरली तर आत काही नाही. ताठ लागली तर आत रोल आहे, कदाचित पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा, कोणाच्या लग्नाचा किंवा बारशाचा. तसाच बंद आणावा, अंधारात काढून धुऊन पाहता येईल.