बसचे भाडे आणि दुकानाचा गल्ला

हिंदमाता, दादर, लालबागच्या कापड दुकानांचे बरेचसे गिऱ्हाईक लोकलने किंवा बेस्टच्या बसने येते. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ वर आले होते. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे ते १० रुपये झाले. चार माणसांचा जवळचा जाण्या-येण्याचा खर्च ४० वरून ८० वर गेला. ही वाढ शेवटी खरेदीतूनच कापली जाते.

लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी झालेल्या मॉलकडे मोटारींसाठी वाहनतळ आहे. आमचा वाहनतळ म्हणजे बसथांबा! ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ या नागरिक मंचाने भाडेवाढीला विरोध केला. व्यापारी बंधूंनो, आपल्या संघटनांनीही त्यांना साथ द्यावी. बस स्वस्त राहिली, तरच छोट्या दुकानाची बरकत टिकेल.