वृद्धांच्या जुनाट व्याधी आणि रक्तातील हृदयनिदर्शके : अर्थनिर्णयनाचा प्रश्न

हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाली की त्यांतील ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानात त्यास आज मध्यवर्ती स्थान आहे. तथापि ट्रोपोनिन इजा झाल्याचे सांगते, तिचे कारण सांगत नाही. वृद्ध व दीर्घकाळ व्याधिग्रस्त रुग्णांबाबत हा भेद निर्णायक ठरतो.

निरोगी व्यक्तींपैकी ९९ टक्के ज्या मूल्याच्या आत असतात, ते मूल्य वरची मर्यादा मानले जाते. ट्रोपोनिन-टीच्या अतिसंवेदनशील चाचणीत ती १४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह किंवा दुर्बल हृदय असलेल्या अनेक वृद्धांचे मूल्य एरवीही तिच्या वरच असते. समजा, मूत्रपिंडविकार असलेल्या ७८ वर्षांच्या स्त्रीस धाप लागली आणि मूल्य ४० आले. तीन तासांनी ते ४१ भरले, तर इजा बहुधा जुनी आहे. ९० भरले, तर ती ताजी आहे. २०१८ च्या चौथ्या सार्वत्रिक व्याख्येनुसार झटक्याच्या निदानास मूल्याचा असा चढ वा उतार तर हवाच, शिवाय हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडल्याचा पुरावाही हवा. तीव्र जंतुसंसर्ग, रक्तक्षय किंवा अतिजलद ठोके यांमुळेही ताजी इजा संभवते. तेथे प्रथम मूळ कारणावर उपचार करावे लागतात.

आकडा पाहताच रक्त पातळ करणारी औषधे सुरू केल्यास वृद्धांत रक्तस्रावाचा धोका वाढतो. उलटपक्षी, ‘मूत्रपिंडामुळे वाढले असेल’ असे म्हणून अहवाल बाजूला सारणे अधिक घातक म्हणावे लागेल. वृद्धांत छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, अशक्तपणा किंवा गोंधळलेपण एवढेच लक्षण असू शकते. शिवाय स्थिर राहिलेले वाढीव मूल्यही पुढील जोखमीचे द्योतक असते.

हृदयाच्या भिंतींवरील ताण दर्शविणाऱ्या एनटी-प्रोबीएनपीच्या बाबतीत वयाची दखल घेतली गेली आहे. तीव्र हृदयअकार्यक्षमतेच्या निदानासाठी पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८०० पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर अशा पायऱ्या वापरतात. मूत्रपिंडविकारात हे मूल्य वाढते, स्थूलतेत मात्र घटते.

दोन्ही चाचण्यांत प्रकृती स्थिर असतानाचे रुग्णाचे स्वतःचे मूल्य हाताशी असल्यास तुलना सुकर होते. मात्र ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोनिन-आय यांचे आकडे परस्परांशी ताडता येत नाहीत. म्हणून जुन्या अहवालावरील चाचणीचे नावही वाचावे लागते.