सुरगाणा : बसप्रवास
नाशिक जिल्ह्याच्या वायव्य भागातील, सह्याद्रीच्या डोंगराळ प्रदेशात वसलेले तालुक्याचे गाव व पूर्वीचे संस्थान (विलीनीकरण १९४८). तालुक्यात लोहमार्ग नसल्याने राज्य परिवहनाची बस हेच सार्वजनिक दळणवळणाचे मुख्य साधन होय. नाशिकहून दिंडोरी, वणी व बोरगावमार्गे घाटवळणांनी ती येथे येते. भात-नागलीची कापणी उरकताच कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे भांडीकुंडी व मुलांसह दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीस निघतात. स्त्रियांना मार्च २०२३ पासून बसचे भाडे निम्मे झाले. परंतु रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बसथांब्यापर्यंतची पायपीट टळलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरील काही गावांनी गुजरातेत समाविष्ट होण्याची मागणी केली, तीमागे रस्त्यांची दुरवस्था हे एक प्रमुख कारण होते.